पाककृतीची भाषा आणि मूलच्या सात्या

ज्या पुस्तकाचीं पानें वाचकाच्या हातच्या हळदीनें माखतात, त्याची भाषा तपासणें टीकाकारास कमीपणाचें वाटूं नये. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं प्रसिद्ध झालें. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं आली. या शंभरेक वर्षांत मराठी पाककृतीनें मोठा पल्ला गाठला, आणि वाटी-चमच्याचें माप देऊन 'रुचिरे'नें नवशिक्या हातांची भीति घालविली. हें ऋण मान्य करूनच आम्हांस पुढील तक्रार मांडावयाची आहे.

गेल्या श्रावणांत मूल येथें आमच्या घरीं एका विद्यार्थ्यानें छापील कृति समोर ठेवून मशरूम घातलेला पास्ता रांधण्याचें ठरविलें. कृतीचा मथळा होता 'साधें शाकाहारी जेवण'. बाजारांत त्या दिवशीं डबींतलीं मशरूम मिळालीं नाहींत. मात्र पळसाच्या पानांवर वाटे घालून एक बाई सात्या विकीत बसली होती. "सर, याच घेतल्या तर चालतील ना?" असें त्यानें विचारलें. कृति पुन्हां वाचली. तिच्यांत याचें उत्तर नव्हतें. उत्तर त्या बाईजवळ होतें. सात्या कोणत्या वारुळावर उगवल्या, केव्हां खुडल्या, आणि तेथली कोणती छत्री हातीं धरूं नये, हें तिनें एका दमांत सांगितलें.

छापील भाषेचें उणें येथेंच उघडें पडतें. 'मशरूम' हा एक शब्द शेडमध्यें वाढविलेल्या पांढऱ्या बटणांस पुरतो, कारण त्यांस ऋतु नाहीं आणि धोकाहि नाहीं. सात्यांचें तसें नव्हे. वाळवी आपल्या वारुळांत ज्या बुरशीची शेती करते, तिच्याच या छत्र्या. पाऊस लागल्यावर थोडे दिवस त्या वर येतात. रानांतल्या कांहीं विषारी जातींचें विष उकळल्यानें जात नाहीं, आणि त्याची बाधा कित्येक तास उलटल्यावर कळते. तोंपर्यंत यकृतास इजा सुरू झालेली असते. चांदीचें नाणें काळें पडतें कीं नाहीं, असल्या कसोट्या निव्वळ भ्रम होत. अशा ठिकाणीं नांव हेंच ज्ञान असतें. सुश्रुतानें अळंब्यांचे भेद सांगितले ते पेंढ्यावरचें, उसावरचें, शेणावरचें, बांबूवरचें, जमिनीवरचें असे, म्हणजे उगमावरून. त्या बाईची रीत तीच होती.

मथळ्यांतील विशेषणेंहि तपासूं. 'शाकाहारी' म्हणावें, तर मनुस्मृतीनें द्विजांस कवक वर्ज्य सांगितलें. आणि व्हिटेकर यांच्या १९६९ च्या वर्गीकरणानें बुरशीस वनस्पतींपासून वेगळेंच राज्य दिलें. 'साधें' म्हणावें, तर सात्यांची माती धुण्यांतच अर्धा तास गेला.

पास्त्याचें मात्र आम्हांस नवल वाटलें नाहीं. विदर्भांत गव्हाची कणीक काडीवर गुंडाळून सरगुंडे करतात, ते वाळवून ठेवतात, आणि उकडून आंब्याच्या रसाबरोबर खातात. पोकळ नळीची युक्ति ही एकट्या इटलीची मिरास नव्हे. विद्यार्थ्यानें पास्ता मिठाच्या पाण्यांत किंचित् कच्चा राखून उकडला. सात्या रुंद कढईंत, झांकण न ठेवतां, पाणी आटेपर्यंत परतल्या. मग लसूण घातला. कृतींत पास्त्याचें पाणी फेकून द्या असें होतें. धानाच्या मुलखांत वाढलेल्या त्या मुलास भाताची पेज आठवली, आणि त्यानें तें पिठूळ पाणी पळीभर कढईंत ओतलें. तेल व पाणी एकजीव झालें, आणि चव प्रत्येक नळीस धरून बसली.

जेवण उत्तम झालें. पण त्यांतील दोन्ही महत्त्वाच्या गोष्टी, सात्यांची पारख आणि पाण्याचा उपयोग, कृतीबाहेरून आल्या. कृतिकारांनीं माप अवश्य द्यावें. त्याबरोबर स्थानिक नांव द्यावें, आणि 'रानांतलें अळंबें जाणत्याकडूनच घ्यावें' हें एक वाक्य लिहावें. तेवढ्यानें पान वाढत नाहीं. उद्यां 'सात्या' हा शब्द विसरला गेला, तर त्याच्याबरोबर एक भाजी जाईल, आणि तिच्या शेजारीं उगवणाऱ्या विषाची सूचनाहि जाईल.