लाकडातून न आलेला घोडा



मागच्या वेळी सिनॉप्सिसबद्दल बोललो होतो. आज एका चित्राची चिकित्सा करायची आहे. पेटची तयारी सोडून हे कुठे, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण चित्रातली चूक शोधताना मला माझ्याच कामातली एक चूक सापडली. ती तुमच्याकडूनही होऊ शकते.

दिवाळीत ताईकडे चंद्रपूरला गेले होते, तुकूममधल्या नव्या फ्लॅटवर. आपल्याकडे हॉलमध्ये घोडे असणं काही नवीन नाही. सात पांढरे घोडे, पाण्यातून उधळलेले, मागे उगवता सूर्य. वास्तूसाठी लावलेलं हे चित्र तुम्ही कमीत कमी दहा घरांत पाहिलं असेल. ताईला ते नको होतं. तिने ऑनलाइन मागवला तो एकटाच घोडा. पांढऱ्या कागदावर काळा, मान खाली घातलेला. जमीन नाही, आकाश नाही, लगामाशिवाय दुसरं काही नाही. मागच्या लेबलवर लिहिलेलं की ही वुडकट आणि लिनोकटपासून प्रेरणा घेतलेली मिनिमल कला आहे.

खरं सांगते, लांबून आवडलं. मानेपासून पाठीपर्यंत एकच रेषा जाते आणि तेवढ्यावर घोडा उभा राहतो. सात घोड्यांच्या गर्दीपेक्षा हा एकटा बरा. मग चहा घेऊन जवळ गेले आणि अडकले.

आधी उठावछपाई म्हणजे काय ते पाहू. लाकडाच्या फळीवर किंवा लिनोलियमवर चित्र काढायचं आणि जे पांढरं हवं ते कोरून काढून टाकायचं. जे उरतं त्यावर रोलरने शाई लावायची, कागद ठेवायचा, दाबायचा. म्हणजे काळं ‘काढलेलं’ नसतं, ते ‘ठेवलेलं’ असतं. यातून एक साधा नियम निघतो: पांढरी बारीक रेषा सोपी, हत्यार एकदा फिरवलं की झाली. काळी बारीक रेषा अवघड, कारण तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं आणि मधली भिंत तुटू द्यायची नसते.

हे पडताळायला म्युझियममध्ये जायची गरज नाही. नंदलाल बोस यांचं १९३० चं लिनोकट आठवा. काठी घेऊन दांडीला निघालेले गांधीजी. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, मोजक्याच. हत्याराला जे सहज जमतं त्यातूनच ते चित्र उभं राहिलंय.

आता ताईचा घोडा. लगामाची काळी रेषा केसाएवढी बारीक आणि अगदी सलग. आयाळीचे काळे केस एकमेकांना ओलांडून जातात. हे पेनचं काम आहे, पटाशीचं नाही. अशक्य आहे असं म्हणत नाही, मुरलेला कारागीर करेलही. पण मग त्याच हाताने उरलेल्या जागेत एकही अडचण का दिसू नये?

दुसरी गोष्ट. घोड्याच्या काळ्या अंगात लाकडाच्या रेषा दिसतात. लेबलवर तर लिनोकटही लिहिलंय. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा नि लाकडाचा भुगा वगैरे मिसळून तागाच्या कापडावर बसवलेला थर. त्याला रेषा नसतातच, म्हणून तर तो कोणत्याही दिशेने सारखा कापता येतो. ‘दोन्हींपासून प्रेरित’ म्हणताना दोन्हींमधला फरकच पुसला गेला.

तिसरी गोष्ट माझ्या विषयातली. माझी पीएचडी सागाच्या वाढकड्यांवर आहे. आलापल्लीकडच्या सागातून बोररने पेन्सिलीएवढी कांडी काढायची, घासायची आणि मायक्रोस्कोपखाली कड्या मोजायच्या. कोरड्या दिवसांत सागाची वाढ थांबते. नवी वाढ सुरू होताना आधी मोठी छिद्रं तयार होतात, म्हणून वर्षाची सीमा दिसते. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांत ती इतकी स्पष्ट असते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थानात सागाच्या कड्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. या सगळ्याचा पाया म्हणजे क्रॉसडेटिंग: रुंद-अरुंद कड्यांचा लांब क्रम जसाच्या तसा पुन्हा येत नाही. म्हणून एका झाडाचा क्रम दुसऱ्याशी जुळवून वर्ष ठरवता येतं.

आणि या घोड्याच्या मानेवर जी गाठ होती, तीच मागच्या मांडीवर होती. तेच वळण, गाठीभोवती तेवढ्याच रेषा, तेवढ्याच अंतरावर. एक तुकडा कॉम्प्युटरवर कॉपी करून पुन्हा चिकटवला होता. लाकूड असं करत नाही.

ताई म्हणाली, “अगं, भिंतीला लावायचंय, थिसिस थोडीच आहे!” तिचं बरोबर आहे. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. मिनिमल चित्रात फार थोडं उरतं, म्हणून जे उरतं त्यावर आपण पूर्ण विश्वास टाकतो. इथे जे उरलंय त्यातच लाकडाचं सोंग आहे.

मग कमीपणा खरा कुठे असतो? भामरागडच्या पुढे इंद्रावती ओलांडली की बस्तर. तिकडे माडियांमध्ये मृतांच्या स्मरणासाठी कोरीव लाकडी खांब उभारायची रीत आहे. त्यांवर घोडेस्वारही असतात. व्हेरियर एल्विन यांच्या मध्य भारतातल्या आदिवासी कलेवरच्या १९५१ च्या पुस्तकात ही कला पाहायला मिळते. ती छपाई नाही, पण क्रिया तीच, भोवतालचं काढायचं आणि घोडा ठेवायचा.

त्याहून जवळचं उदाहरण आमच्या देव्हाऱ्यात आहे. खंडोबाचा टाक. धातूच्या ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकून उठवलेला, बोटभर उंचीचा. घोडा, वर खंडोबा आणि म्हाळसा. घोड्याला डोळ्याच्या जागी एक टिंब, पाय म्हणजे चार काड्या. आईने इतकी वर्षं घासून तोंडही गुळगुळीत केलंय. हाही मिनिमल घोडाच, आणि घरातलाच. पण तो कमी आहे कारण पत्र्याला तेवढंच झेपतं. उलटा करून पाहा, मागे तोच घोडा खोलगट दिसतो. तो कसा झाला हे तो लपवत नाही.

आता माझी चूक. सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनसाठी मी एक ग्राफ केला होता. १४ कांड्या होत्या, त्यातल्या ३ जुळेनात. मी त्या गाळल्या. ११ रेषा एकमेकींवर सुंदर बसल्या, स्लाइड कोरी करकरीत दिसली. सरांनी एकच विचारलं, “काढलेल्या तीन कुठे आहेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे कारण होतं, दोन कांड्या मधेच तुटल्या होत्या आणि एकीत कडी हरवली होती. पण ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. ताईच्या घोड्यासमोर उभी असताना ते आठवलं आणि तोंडातला चहा गार झाला. मी काही चिकटवलं नव्हतं, पण काढल्याची खूण पुसली होती.

हे किरकोळ समजू नका. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ जीववैद्यकीय शोधनिबंधांतल्या प्रतिमा तपासून निष्कर्ष मांडला. ३.८ टक्के निबंधांत प्रतिमांची आक्षेपार्ह पुनरावृत्ती सापडली. म्हणजे ‘तीच गाठ मांडीवर’ हा प्रकार प्रयोगशाळेतही घडतो. सगळंच मुद्दाम झालेलं नसेल, पण वाचणाऱ्याला दिसतं ते एकच.

म्हणून फिगर करताना गाळा, जरूर गाळा. गर्दीचा ग्राफ कोणी वाचत नाही. फक्त काय काढलं, किती काढलं आणि का, हे त्याच पानावर खाली लिहा. उठावछपाईत कोरलेल्या जागेतही कुठेतरी एखादा उंचवटा राहतो आणि शाई घेतो. आपल्या कामात ती जागा तळटीपेची.

घोडा अजून ताईच्या हॉलमध्येच आहे. “काढू का?” म्हणून तिने विचारलं होतं. मी नको म्हटलं. मानेची रेषा खरंच चांगली आहे. माझ्या ग्राफखाली मात्र आता एक ओळ वाढली आहे: १४ पैकी ३ कांड्या वगळल्या, दोन तुटलेल्या, एकीत कडी अनुपस्थित. स्लाइड थोडी कमी सुंदर दिसते.