पाहुणा गवई आणि यजमान गाव

शास्त्रीय संगीतावरचे आपले लेखन बहुतांशी गवयांचे चरित्र असते. घराणे, गुरू, रियाज, पहिली गाजलेली मैफल, मानसन्मान, शिष्यपरिवार अशा ठरलेल्या टप्प्यांनी ते पुढे सरकते. गवई जिथे गायला गेला ते गाव मात्र 'अमुक ठिकाणी मैफल रंगली' एवढ्या एका वाक्यात संपते. वास्तविक मुख्य गायक किंवा वादक म्हणून ज्याचे नाव होते, तो आयुष्यातल्या बहुतेक मैफली परगावी, पाहुणा म्हणून करतो. त्याला कोणी बोलावले, साथीला कोण बसले, वेळ किती मिळाला, बिदागी कोणाच्या पैशातून दिली गेली, यावर त्या रात्री काय गायले जाणार हे बऱ्याच अंशी ठरते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन शहरांच्या आधाराने मला या लेखात एवढेच मांडायचे आहे की, पाहुण्या कलावंताची कारकीर्द घडवण्यात यजमान गावाचा मोठा वाटा असतो. आणि ते यजमानपण आज आक्रसत चालल्याचा परिणाम थेट गाण्यावर होतो आहे.

आधी 'पाहुणा' या शब्दाचा अर्थ नीट पाहू. पाश्चात्त्य वाद्यवृंदात पाहुणा एकल वादक येतो तेव्हा कोणता कॉन्चेर्तो वाजवायचा हे कितीतरी आधी ठरलेले असते. स्वरलेखन सर्वांसमोर असते, वाद्यवृंदाने आपली तयारी केलेली असते. एक-दोन तालमी, कार्यक्रम, आणि पाहुणा पुढच्या शहरी रवाना. आपल्याकडे असे लिहिलेले काही नसते. गवई तानपुरे जुळवता जुळवता राग ठरवू शकतो. समोरचे श्रोते पाहून तो बदलूही शकतो. ज्या तबलजीबरोबर तास-दोन तास लयीचा संसार करायचा, त्याची कधी कधी मंचावरच ओळख होते. म्हणजे आपल्या पद्धतीत यजमानाचे काम सभागृह ठरवून आणि हार घालून संपत नाही. साथीदार आणि श्रोते पुरवणे हेही त्याचेच काम, आणि हे दोन्ही गाण्याचेच घटक आहेत.

कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ मधली. समाजाचा महोत्सव देवगंधर्वांच्या, म्हणजे भास्करबुवा बखले यांच्या नावाने होतो. बुवा १९२२ मध्येच गेले होते. हे नाव मला फार अन्वर्थक वाटते, कारण पाहुणा गवई म्हणून बुवांची कारकीर्द त्या काळात असामान्य होती. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन वेगळ्या गुरूंकडून त्यांनी विद्या मिळवली आणि थेट पंजाबपर्यंत जाऊन, जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यासारख्या जाणत्यांच्या जागी, दाद मिळवली. पण केवळ या भटकंतीवर त्यांचा संसार चालला असे नाही. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीत शिकवले. नाटक कंपन्यांशी त्यांचे नाते बालपणापासून होते, आणि १९१६ च्या 'स्वयंवर'च्या पदांना त्यांनीच चाली दिल्या. शिवाय पुण्यात १९११ मध्ये भारत गायन समाज उभा करून ते स्वतःच यजमान झाले. पाहुणेपणाचे सुख-दुःख भोगलेल्या माणसाला यजमान संस्थेची गरज कळली होती, असाच याचा अर्थ मी लावतो.

संस्थाने आणि त्यांचे दरबार मागे पडत गेले तसा गवयाचा पोशिंदा बदलला. राजाच्या जागी वर्गणीदार सभासद आले. कारकून, वकील, शिक्षक, डॉक्टर अशांनी मिळून महिन्या-दोन महिन्यांनी एक बैठक करायची, ही महाराष्ट्रातल्या संगीत मंडळांची रीत. तिला आगगाडीने हातभार लावला. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रूळ आले. पुढे कल्याणहून एक वाट कसाऱ्याकडे, दुसरी कर्जतकडे गेली. पुण्याचा किंवा नाशिकचा गवई मुंबईला निघाला की कल्याण वाटेतच. या प्रवासी जीवनाची दुसरी बाजूही विसरू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांचा अंत १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर झाला. ज्याच्या गाण्याने दोन प्रांतांच्या गायनपद्धतींना जवळ आणले, त्याला अखेरचा विसावा रेल्वेच्या फलाटावर मिळाला.

ठाण्याचे उदाहरण पंडित राम मराठे यांचे. १९२४ मध्ये पुण्यात जन्मलेले रामभाऊ दीर्घकाळ ठाणेकर होते. १९८९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने ठाणे महानगरपालिका संगीत महोत्सव भरवते. 'प्रभात'च्या 'गोपाळकृष्ण' (१९३८) मधला कृष्ण, मग मास्तर कृष्णराव, मिराशीबुवा, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा पुरोहित अशा अनेकांकडचे शिक्षण, आणि पुढे 'सुवर्णतुला', 'मंदारमाला', 'जय जय गौरीशंकर' ही नाटके. त्यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो, की नाटकाने त्यांच्या ख्यालगायनाची खोली कमी केली. टाळ्यांची सवय लागली. त्यांच्या गाण्यातला आक्रमक तानांचा आणि लयकारीचा सोस दाखवून हा आक्षेप पुढे केला जातो.

मला तो अर्धाच खरा वाटतो. तानेचा झपाटा कधी कधी रागाच्या शांत जागांवरून धावत जातो, हे त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना जाणवते. पण त्याच गाण्यात अनवट आणि जोडरागांचा जो साठा आहे, टप्प्याची जी तयारी आहे, ती टाळ्यांसाठी गाणाऱ्याची नव्हे. अपरिचित राग मांडण्याचे धाडस पाहुण्या गवयाला महाग पडू शकते. एक बैठक पडली तर पुढचे बोलावणे येत नाही. ज्याची चूल रंगभूमीवर पेटत होती, त्याला मैफलीत हे धाडस परवडत होते. नाटकाने रामभाऊंच्या गाण्यातून काही घेतले असेल. त्यांना मैफलीत निर्भयही त्यानेच केले. भास्करबुवांच्या बाबतीतही हिशेब असाच लागतो. केवळ पाहुणा म्हणून मिळणाऱ्या बिदागीवर उभी राहिलेली मोठी कारकीर्द आपल्याकडे अपवादानेच सापडेल. मागे कुठेतरी नाटक, नभोवाणी, नोकरी किंवा शिकवणी असतेच.

ठाण्याचेच दुसरे नाव पंडित सुरेश तथा भाई गायतोंडे यांचे. जगन्नाथबुवा पुरोहित आणि उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्याकडे शिकलेले हे तबलावादक. त्यांच्या कारकिर्दीत पाहुणा आणि यजमान या दोन्ही भूमिका एकत्र येतात. एकल तबल्याला बसला की तो मुख्य कलावंत. गवयाच्या डाव्या-उजव्या बाजूला बसला की साथीदार. थिरकवाँचा निकास जवळून ऐकलेला माणूस शेजारच्या गल्लीत राहतो, याचा त्या शहराला होणारा लाभ कोणत्याही महोत्सवाच्या अहवालात येत नाही. त्याच्याकडे शिकणारी मुले उद्या साथीला बसतात, आणि त्याहून अधिक मुले नुसती चांगला ठेका ओळखणारे श्रोते होतात.

आता आजची स्थिती. या तीन शहरांत आज सभागृहांची वानवा नाही. ठाण्यात १९७८ पासून गडकरी रंगायतन, नंतर काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. मोठा पाहुणा आपले तबलजी, आपला संवादिनीवादक, तानपुऱ्यावर आपले शिष्य असा पूर्ण संच घेऊन येतो. याचा लाभ मान्य केला पाहिजे. सवयीच्या साथीमुळे गाणे सफाईदार होते, ठेक्यावरून होणारी मंचावरची कुरबुर टळते. परंतु त्या सफाईची किंमत यजमान गाव मोजते. स्थानिक तबलजीला मोठ्या गवयाबरोबर बसण्याची जी एक संधी वर्षाकाठी मिळायची, ती जाते. आणि नव्या साथीमुळे गवयालाही वेगळा विचार सुचण्याची शक्यता जाते.

दुसरी गोष्ट वेळेची. एका संध्याकाळी दोन किंवा तीन कलावंत, भाषणे, सत्कार, आणि परतीच्या लोकलकडे लागलेले बदलापूर-टिटवाळ्याच्या श्रोत्यांचे डोळे. मुख्य पाहुण्याच्या वाट्याला तास-सव्वा तास येतो. मी ऐकलेल्या अशा कार्यक्रमांचा साचा जवळजवळ एकच आहे: एक विलंबित आणि द्रुत ख्याल, नंतर एखादा तराणा, शेवटी अभंग किंवा नाट्यपद. विलंबिताची बढत मध्य सप्तकात घाईने उरकली जाते, कारण तार षड्जाला वेळेत पोहोचायचे असते. पूरिया धनाश्री, यमन, मारुबिहाग वारंवार भेटतात. सोहनी, ललत यांसारख्या उत्तररात्रीच्या आणि पहाटेच्या रागांना बैठकच उरलेली नाही. दिवाळी पहाटेने ती सकाळ परत दिली खरी, पण फडके रोडवर तरुणाईची गर्दी लोटते त्या सकाळी सभागृहांत बहुधा भावगीते आणि नाट्यपदेच ऐकू येतात. आनंदाला माझी हरकत नाही. भटियार किंवा ललत तास-दीड तास ऐकण्याची वर्षातली एकमेव सोयीची वेळ आपण हातची घालवतो, एवढेच म्हणायचे आहे.

तिसरी गोष्ट स्थानिक कलावंताची. तो परगावी 'पंडित' असतो आणि आपल्या गल्लीत 'क्लासचे सर'. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसवणे ही त्याची नियमित मिळकत. गावच्या महोत्सवात त्याला सुरुवातीचा अर्धा तास मिळतो, तोही श्रोते खुर्च्या शोधत असताना. आणि 'घरचाच माणूस' म्हणून बिदागी पाकिटात न जाता शाल-श्रीफळात जाते. ज्याला आपले गाव पाहुण्याचा मान देत नाही, त्याला दुसऱ्या गावाने का बोलवावे? म्हणून कारकीर्द सुरू होण्याआधीच अडते, आणि आपण म्हणतो, नव्या पिढीत दम नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. वर्षातून निदान दोन बैठकी एकाच कलावंताच्या, तीन तासांच्या, सत्काराविना कराव्यात. त्या रविवारी सकाळी ठेवल्या तर लोकलचा प्रश्नही सुटतो. त्यातली एक गावातल्या कलावंताची असावी आणि बिदागी बाहेरच्या पाहुण्याच्या तोलाची असावी. दुसऱ्या बैठकीला पाहुण्याची संमती घेऊन निदान एक साथीदार गावचा बसवावा, आणि त्या दोघांना आदल्या दिवशी एकत्र बसण्याची सोय करावी. गायलेले राग, बंदिशींचे ताल आणि साथीदारांची नावे मंडळाने वहीत नोंदवून ठेवावीत. पन्नास वर्षांनी या शहरांत काय ऐकले गेले हे कोणाला शोधायचे असेल, तर छायाचित्रांतल्या हारांवरून ते कळणार नाही.

आणि समीक्षकानेही आपली वही थोडी बदलावी. मैफलीवर लिहिताना गवयाने काय गायले याबरोबर यजमानाने त्याला काय गाऊ दिले, हेही लिहावे. सव्वा तासात मालकंस का फुलला नाही याचा दोष प्रत्येक वेळी गळ्याकडे नसतो. कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्याकडेही असू शकतो.