नत्र, स्फुरद, पालाश आणि आवर्तसारणी : परिभाषेविषयी काही विचार

मराठीतील रसायनविषयक परिभाषेची चर्चा बहुधा ‘प्राणवायू की ऑक्सिजन’ या एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहिली. मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावेच स्वीकारावीत हा पक्ष पाठ्यपुस्तकांत विजयी झाला, आणि ते योग्यच झाले. डॉ. रघुवीर यांनी घडविलेले ‘जारक’, ‘भूयाति’ यांसारखे शब्द कोशाबाहेर रुळले नाहीत. तथापि जुनी मराठी नावे शेतीच्या व्यवहारात आजही नांदत आहेत, याची दखल या पक्षाने घेतलेली दिसत नाही.

पवन मावळात, तिकोणा पेठेसारख्या भाताच्या गावी, खताचा विषय निघाला की नत्र, स्फुरद, पालाश हेच शब्द ऐकू येतात. त्याच घरातील विद्यार्थी शाळेत ७, १५ व १९ या अणुक्रमांकांची नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम ही मूलद्रव्ये शिकतो. ही सहा नावे तीनच द्रव्यांची होत, असे त्यास क्वचितच सांगितले जाते. आणि सांगितले तरी ते पुरते खरे ठरत नाही. १०:२६:२६ या मिश्रखतातील पहिला आकडा नायट्रोजन या मूलद्रव्याचा आहे. पुढील दोन मात्र फॉस्फरस पेंटॉक्साइड व पोटॅशियम ऑक्साइड यांच्या हिशेबाने दिलेले असतात. अणुभारांवरून गणित केल्यास त्या पोत्यात फॉस्फरस सुमारे ११.३ टक्के व पोटॅशियम सुमारे २१.६ टक्केच भरते. पृथक्करणाचे फल ऑक्साइडांच्या रूपाने मांडण्याचा जुना प्रघात खतांच्या व्यापाराने चालू ठेवला, एवढेच याचे कारण. पोत्यात ती ऑक्साइडे त्या रूपात असतही नाहीत!

आवर्तसारणी शिकविण्यास याहून चांगले उदाहरण कोणते? नायट्रोजन (२, ५) आणि फॉस्फरस (२, ८, ५) एकाच १५व्या गणातील. दोहोंच्या बाह्यतम कवचात ५ इलेक्ट्रॉन. तरी एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. नायट्रोजनचे दोन अणू त्रिबंधाने जखडले जाऊन वायुरूप होतात. फॉस्फरस फॉस्फेटरूपाने राहतो आणि आम्लधर्मी जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो. गणातील साम्य आणि त्या साम्याची मर्यादा, दोन्ही येथे एकत्र दिसतात. आपली पाठ्यपुस्तके मात्र डोबेरायनरची त्रिके आणि न्यूलँड्सची अष्टके यांतच रमतात.

‘अणू’ या शब्दाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. हिंदीत ज्यास ‘परमाणु’ म्हणतात तो मराठीत ‘अणू’, आणि हिंदीतील ‘अणु’ म्हणजे आपला ‘रेणू’. दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्याचा यामुळे गोंधळ होतो, हे खरे. परंतु वैशेषिकांचा परमाणू अविभाज्य आहे, तर रदरफर्डने १९११ साली अणूच्या पोटात केंद्रक दाखविले. केवळ सूक्ष्मत्व सुचविणारा ‘अणू’ हा शब्द त्यामानाने कमी चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता पालाश. आवर्तसारणीत पोटॅशियमची खूण ‘के’ का, हा वर्गात हमखास येणारा प्रश्न. ‘लॅटिन नाव कॅलियम’ एवढ्या उत्तरावर तो मिटविला जातो. कॅलियमचे मूळ अरबीत असून त्याचा अर्थ वनस्पतींची राख. ‘पोटॅश’ म्हणजेही भांड्यात आटविलेली राखच. आणि पळसाच्या राखेतून काढलेला पलाशक्षार आयुर्वेदास पूर्वीपासून ठाऊक आहे.