प्रतिकृती कशाची? भिंतीची की कॅलेंडरची?

रोमन राजवटीतल्या इजिप्तमध्ये, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत, मृताचा चेहरा पातळ लाकडी फळीवर रंगवत आणि ती फळी ममीच्या तोंडावर बसवत. फ्लिंडर्स पेट्री यांना १८८८ मध्ये फय्यूमजवळच्या हवारा इथे अशी बरीच चित्रं मिळाली. आज जगभरात ती सुमारे हजार असतील. त्यांची हातानं प्रतिकृती करणारा गंभीर चित्रकार आधी मेण वितळवतो. मेणात कालवलेला रंग निवायच्या आत ओढावा लागतो, म्हणूनच त्या गालांवर तुटक, जाड फटकारे दिसतात. मेण हाताळल्याशिवाय हे कळत नाही.

नक्कल करणारा मूळ कामापर्यंत पोहोचला का, हीच कसोटी मला आपल्याकडच्या प्रतिकृतींना लावायची आहे. पुण्यात प्राचीन चित्राची नक्कल म्हटली की ती बहुधा अजिंठ्याची असते, आणि अजिंठ्यातही एक नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीची. हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर, दिवाणखान्यात, प्रदर्शनाच्या मांडवात तो भेटतो. कॅन्व्हास, अ‍ॅक्रिलिक, गुळगुळीत गाल, झुकलेले डोळे. मूळ भिंतीवर त्याच्या आजूबाजूला माकडं आहेत, मोर आहे, जोडपी आहेत, सावळी राजस्त्री आहे. त्या गर्दीत तो शांत आहे, म्हणून तो शांत वाटतो. प्रतिकृतीत ही गर्दी कापलेली असते, कारण ती छापील चित्रातही कापलेली होती. हे चित्रकार भिंतीसमोर उभेच राहिलेले नाहीत. ते कॅलेंडरची नक्कल करतात. हात तयार असतो, पण त्या हाताला मूळ चित्र माहीत नसतं.

असं नेहमीच नव्हतं. प्राचीन कलाकृतींसमोर बसून त्या उतरवण्याची आधुनिक परंपरा पश्चिम भारतात सुरू झाली ती पुण्यातच. १७९० च्या दशकात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबटानं वेरूळची लेणी रेखाटली. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ज्या शहरानं हा माणूस दिला, त्या शहरात त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

अजिंठ्यात पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट गिल यांचा. १८४४ मध्ये नेमणूक झाल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं तिथे घालवली. मराठी वाचकाला गिल ठाऊक आहेत ते त्यांच्या प्रेयसी पारोमुळे, कवी महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे. त्यांच्या चित्रांविषयी आपण फारसं बोलत नाही. ती बहुतेक सगळी १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात सुमारे तीनशे चित्रं उतरवली. त्यातलीही बरीच १८८५ मध्ये लंडनलाच जळाली. ग्रिफिथ्स यांनी भिंतींवर व्हार्निश लावलं आणि ते पुढे पिवळं पडलं, हा दोष विसरता येत नाही. तरीही उरलेल्या प्रती पाहिल्या की जाणवतं, पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांची नजर तिथेच घडली. त्यांनी जिथे गिलावा पडला होता तिथे पडलेला गिलावाच रंगवला. माझ्या मते आपल्याकडच्या प्रतिकृतिकलेची सर्वांत प्रामाणिक कामगिरी ती.

नंतर इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस अजिंठ्यात आले. पुढे जपानहून चित्रकार अराई काम्पो आले. काम्पोंनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत टोकियोत नष्ट झाल्या. पण काम्पोंची गोष्ट इथे संपत नाही. १९४० मध्ये जपानच्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचं काम सुरू झालं, त्यातही ते होते. १९४९ मध्ये तिथे आग लागली आणि मूळ भिंती होरपळल्या. १९६७-६८ मध्ये जपानी चित्रकारांनी ती चित्रं नव्यानं रंगवली, ती याच प्रती आणि जुनी छायाचित्रं समोर ठेवून.

अलीकडे एम. आर. पिंपरे यांनी अनेक दशकं अजिंठ्यातल्या झिजलेल्या आकृती रेषेत पूर्ण केल्या, तर नाशिकच्या प्रसाद पवार यांनी छायाचित्रं आणि संगणक यांच्या मदतीनं रंगांची पुनर्रचना केली. दोघांच्या चिकाटीपुढे मान झुकते. मात्र पुनर्रचनेत भिंतीवरचं कुठे संपतं आणि आपला अंदाज कुठे सुरू होतो, हे पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे. फिकट रंगानं, तुटक रेषेनं, कसंही. नाहीतर अंदाजच पुढच्या पिढीचा अजिंठा होऊन बसेल.

साहित्याचं तर कोणी नावच काढत नाही. अजिंठ्यात खडबडीत कातळावर भुसा-तूस कालवलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि दूरदेशाहून आलेला लाजवर्दी निळा. हे रंग सुकलेल्या पृष्ठभागावर, चिकट द्रव्यात कालवून लावलेले. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यानं एकदा तरी हातभर फळीवर असा गिलावा करून त्यावर एक चेहरा उतरवला, तर अजिंठ्याची रेषा मध्येच गडद का होते आणि नाकावर पांढरा ठिपका का येतो, हे त्याला कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.

शनिवारवाड्याच्या दालनांत रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले होते. १८२८ च्या आगीत ते गेले. त्यांच्यावरून पुन्हा काही उभं करता येईल अशा प्रती आपल्याकडे नाहीत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं अजून आहेत. पुण्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत माणूस तिथे पोहोचतो. पुण्यातल्या कला महाविद्यालयांनी वाड्याच्या मालकांची परवानगी घेऊन या चित्रांच्या पूर्ण मापाच्या, आहे त्या अवस्थेतल्या प्रती करायला घ्याव्यात, आणि त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.