लोकप्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यास आणि आरोग्यसेवा : एक चिकित्सा

लोकप्रशासन विषयाच्या एम. ए. अभ्यासक्रमात आरोग्य हा घटक बहुधा ‘समाजकल्याण प्रशासन’ या प्रकरणाच्या अखेरीस भेटतो. तेथे योजनांची नावे, त्यांचा प्रारंभ, उद्दिष्टे आणि मूल्यमापनाच्या चार ओळी एवढाच मजकूर असतो. दुसरीकडे, रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदव्यांत मुख्य लक्ष एका संस्थेच्या कारभारावर, म्हणजे खाटा, खरेदी, विमा आणि देयके यांवर, केंद्रित होते. या दोहोंच्या मध्ये जिल्ह्याचे आरोग्यप्रशासन अभ्यासाविना राहते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

महाराष्ट्रातील एखादी जोखमीची गर्भवती उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तेव्हा ती जिल्हा परिषदेच्या यंत्रणेत असते. तेथील जिल्हा आरोग्य अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली काम करतात. तिला ग्रामीण रुग्णालयात पाठविताच यंत्रणा बदलते. कारण ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, म्हणजे थेट राज्य शासनाकडे आहेत. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागले, तर वैद्यकीय शिक्षण विभागाची हद्द सुरू होते. रुग्ण एकच, प्रवास एका दिवसाचा, परंतु प्रशासने तीन. संदर्भसेवा कोठे खंडित होते, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राइतकेच नियंत्रण, समन्वय आणि उत्तरदायित्व यांच्या रचनेत शोधावे लागते. आणि हे तर आपल्या विषयाचे मूळ क्षेत्र होय.

ही रचना कशी घडली, याचा इतिहासही उद्बोधक आहे. 1943 मध्ये नेमलेल्या भोर समितीने 1946 च्या अहवालात प्रतिबंधक व उपचारात्मक सेवांचे सर्व प्रशासकीय स्तरांवर एकत्रीकरण सुचविले. 1962 साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा ग्रामीण प्राथमिक आरोग्यसेवा त्यांच्याकडे गेली. मोठी रुग्णालये मात्र शासनाकडेच राहिली. एकत्रीकरण हे तत्त्व इष्ट, विकेंद्रीकरण हेही इष्ट. येथे ती दोन्ही परस्परांना छेदतात. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यात नोंदणीकृत सोसायट्या, स्वतंत्र निधी व कंत्राटी कर्मचारी यांची आणखी एक फळी उभी केली. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी स्थानिक शासनसंस्थांमार्फत आरोग्यासाठी सुमारे 70,051 कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली, तेव्हा तर हा प्रश्न थेट वित्तीय प्रशासनाचा झाला.

योगायोग असा की, प्रशासनाच्या तत्त्वांना ‘म्हणी’ ठरविणारा हर्बर्ट सायमन यांचा प्रसिद्ध निबंधही 1946 चाच. आदेशाची एकता आणि विशेषीकरण ही तत्त्वे परस्परविरोधी ठरतात, हे त्यांचे प्रतिपादन आपले विद्यार्थी दरवर्षी उत्तरपत्रिकेत उतरवितात. त्याचे जिवंत उदाहरण तालुक्याच्या गावी आहे, हे मात्र त्यांना कोणी दाखवीत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : आरोग्य हा डॉक्टरांचा विषय, कला शाखेच्या अध्यापकाने त्यात का पडावे? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. रोगप्रसाराचे शास्त्र आणि जीवनविषयक आकडेवारी यांची तोंडओळख नसलेला प्रशासक मातामृत्यूचा अहवाल केवळ तक्ता म्हणून वाचील. म्हणूनच अशा अभ्यासक्रमात किमान एक प्रश्नपत्रिका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनवैद्यक विभागाच्या साहाय्याने शिकविली जावी. परंतु औषधखरेदीची निविदा, पदभरती, बदल्यांचे धोरण, अनुदानाचा अखर्चित भाग या बाबी डॉक्टरांना त्यांच्या पदवीत पुरेशा शिकविल्या जातात, असेही म्हणता येत नाही. औषधखरेदीसाठी तमिळनाडूने 1994 मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापिले. महाराष्ट्रात 2017 मध्ये हे काम हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आले व 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. या दोन राज्यांची तुलना हा लोकप्रशासनाच्या लघुप्रबंधाचा उत्तम विषय आहे.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्गाची शिफारस केली. वैद्यकेतर शाखांचा उल्लेख करताना त्यात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र, परिचर्या, रुग्णालय व्यवस्थापन व संज्ञापन यांची नावे आली. लोकप्रशासनाचे आले नाही. ‘इत्यादी’ या शब्दात आपला समावेश होतो, असे समाधान मानता येईल. मात्र अभ्यासमंडळांच्या बैठकीत हा परिच्छेद मोठ्याने वाचला जावा, आणि मग आरोग्यासाठी अर्धे प्रकरण पुरे की पूर्ण विशेषीकरण हवे, यावर मतदान व्हावे.