कॅमेऱ्याची समीक्षा

वडसा हे एक गाव आहे की दोन, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. रेल्वे आपल्याला वडशाला उतरवते आणि नगरपरिषद देसाईगंजला स्वागत करते. स्टेशनाबाहेर पडेपर्यंत गाव बदललेलं! नाटकवाल्यांपुरता मात्र हा वाद मिटलेला आहे. त्यांचं वडसाच. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली, की इथल्या नाटक कंपन्यांच्या गाड्या संध्याकाळी निघतात आणि उजाडता परततात. झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं. असं एक नाटक पाहून त्याची समीक्षा लिहावी म्हणून मी गेलो. गळ्यात पुतण्याने दिलेला डिजिटल कॅमेरा होता. समीक्षा माझ्याआधी त्यानेच उरकली.

रात्री अडीचचा सुमार. आई सावकाराच्या अंगावर धावून जाते, असा प्रवेश. रंगमंच निखाऱ्यासारखा केशरी झाला. ऑर्गन थांबला. शेजारचे आजोबा घोंगडीतून बाहेर आले. मी बटण दाबलं आणि पाहतो तो काय, आई ट्यूबलाइटखाली रेशनच्या रांगेत उभी असावी तशी फिकट!

ह्या प्रकाराला 'ऑटो व्हाइट बॅलन्स' म्हणतात. चित्रात एकच रंग फार दिसला, की कॅमेऱ्याला वाटतं दिव्यातच खोट आहे. मग तो उलट रंग ओततो. केशरी दिसलं की निळा. हेतू वाईट नाही. घरच्या बल्बखाली साधा भात केशरी भात दिसू नये, एवढंच बिचाऱ्याला शिकवलेलं. पण कुणी जाणूनबुजून केशरी दिवा लावील, हे त्याच्या शिक्षणात नाही. पांढरं काय ते घरून ठरवूनच निघालेला! कॅमेरा पुण्याचा असावा. (माझ्याही वहीत तोवर 'प्रकाशयोजना भडक' असं लिहून झालं होतं, पण ते असो.)

मेनूत बल्ब, ट्यूब, ढग, सूर्य अशी चित्रं होती. रात्रीची वेळ, म्हणून मी शहाणपणाने बल्ब निवडला. पुढच्या प्रवेशात पांढऱ्या एलईडीखाली सावकार निळा पडला. ह्याला विंचू चावला की काय! मग 'व्हिव्हिड' केलं. पुन्हा केशरी उजेड आला, तेव्हा नायकाचं नाकडोळे सगळं जाऊन नुसता टोमॅटो उरला.

पहाटे तोंडाचा रंग पुसत असलेल्या आईला मी भीतभीत पहिला फोटो दाखवला.

"हे कोन होय जी?" ती म्हणाली. "मी त तवा पेटली होती ना!"

लाइटवाल्या पोराने कॅमेरा हातात घेतला. "सूर्य लावा न काका," तो म्हणाला. भर रात्री सूर्य! पण खरंच, सूर्यावर ठेवलं की कॅमेरा उन्हाचे साडेपाच हजार केल्व्हिन धरून बसतो आणि स्वतःची अक्कल चालवत नाही. केशरी ते केशरीच राहतं. वर त्याने रंगाचा गडदपणा एक घर उतरवला, उजेडही थोडा कमी केला. "आता सुरकुत्या दिसतीन," म्हणाला. तिच्या त्या सुरकुत्या कंपनीच्या पोस्टरवरही नव्हत्या. तिथे ती गोरीपान होती.

फोटो पुन्हा काढायला प्रवेश मात्र शिल्लक नव्हता.

"आज आरमोरीकडं हाय आमचं," ती म्हणाली. "या."

संध्याकाळी गाडीत मला कपड्यांच्या पेटीवर जागा मिळाली. तिथे बसून मी वहीतला 'भडक' खोडला आणि सूर्य जागेवर आहे ना, ते दोनदा पाहिलं.