शोधसूचीची चाळण

ग्रंथाचें परीक्षण करावें हें ठीक. पण सूचीचें परीक्षण तें काय करावयाचें, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. सूची म्हणजे ग्रंथालयाच्या दारावरील द्वारपाल; त्याच्याशीं आपला संबंध आंत शिरण्यापुरताच. परंतु कोणता लेख आपल्या दृष्टीस पडावा हें ज्याच्या हातीं, त्याचा स्वभाव ओळखून असणें हितावह होय. आज घरांत कोणी आजारी पडलें कीं शिकलेला मुलगा प्रथम संगणकापुढें बसून शोध करूं लागतो. म्हणून अमेरिकेंतील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या संस्थेची ‘पब्‌मेड’ ही वैद्यकीय लेखांची सूची आम्हीं परीक्षणास घेतली आहे.

तिचें कूळ थोर आहे. जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं १८७९ सालीं ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केलें. त्याच परंपरेंत १९७१ मध्यें ‘मेडलाइन’ आली, आणि १९९७ पासून पब्‌मेड सर्वांस विनामूल्य खुली झाली. आज तींत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. शोधणारानें ‘हार्ट अटॅक’ हे बोलीचे शब्द लिहिले, तरी शास्त्रीय परिभाषेंतील ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शीर्षकाखालचे लेखहि ती पुढें आणून ठेविते. हा गुण सामान्य नव्हे.

दोष आहे तो गाळण्याच्या सोयींत. वर्ष, भाषा, लेखाचा प्रकार, ‘केवळ मनुष्यांवरील अभ्यास’ अशा अनेक चाळणी तेथें मांडलेल्या आहेत. यांपैकीं शेवटची लावली, कीं नोंदीवर ‘मनुष्य’ हें विषयशीर्षक चिकटविलेलें आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें. पण पुष्कळ नोंदींवर असें शीर्षक मुळींच नसतें: कांहीं नुकत्याच दाखल झालेल्या असतात, कांहीं मेडलाइनमध्यें न घेतलेल्या नियतकालिकांतील असतात. लेख रोग्यांविषयीं असूनहि केवळ चिठी नाहीं म्हणून तो निमूटपणें वगळला जातो. जाणते शोधक म्हणूनच प्रश्न उलटा घालतात. ‘मनुष्यांचेच द्या’ असें न म्हणतां, ‘ज्यांवर प्राण्यांची चिठी आहे पण मनुष्यांची नाहीं, तेवढेच काढा’ असें ते सांगतात. मग चिठी नसलेला लेख आपोआप वांचतो. दिसावयास हा शब्दांचा खेळ. पण ‘ठाऊक नाहीं’ म्हणजे ‘नाहीं’ नव्हे, हें तर्कशास्त्राचें मूलतत्त्व त्यांत सांभाळलेलें आहे.

सूचीचा कालमर्यादित पल्ला हीहि एक चाळणच. २००१ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत दम्याविषयींच्या एका प्रयोगांत चोवीस वर्षांच्या निरोगी तरुणीस हेक्झामेथोनियम हें औषध हुंगावयास दिलें गेलें, आणि पुढें फुप्फुसें निकामी होऊन ती दगावली. प्रयोगापूर्वीं वाङ्मयाचा शोध झाला होता. पण त्या वेळीं पब्‌मेडमधील शोध १९६६ च्या मागें जात नसे, आणि या औषधानें फुप्फुसांस इजा झाल्याचे लेख होते त्यापूर्वींच्या दशकांतले. सर्व दोष सूचीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पुढें जुन्या नोंदी भरून तो पल्ला मागें नेण्यांतहि आला. परंतु सूचींत नाहीं म्हणजे जगांत नाहीं, ही समजूत किती महाग पडते, याचें याहून दारुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

कोणी म्हणतील, चाळण न लावतां हजारों लेख वाचावे कोणीं? आक्षेप रास्त आहे, आणि चाळण टाकून द्या असें आमचें म्हणणेंहि नाहीं. प्रथम चाळणीवांचून शोध करून संख्या टिपावी. मग एकेक चाळण लावून संख्या किती घटली तें पाहावें. आणि एकदां लावलेली चाळण पुढच्या शोधासहि तशीच लागू राहाते, हें विसरूं नये. आपल्या शब्दांचा सूचीनें काय अर्थ लावला, हें पब्‌मेड सांगते खरें, पण तें आंतल्या पानावर. तो मजकूर पहिल्याच पानावर यावयास हवा होता, असें आमचें स्पष्ट मत आहे.

धान्य चाळणारी गृहिणी चाळणींत राहिलें तेवढेंच पाहात नाहीं. खालीं पडलेलेंहि एकदां बोटांनीं चिवडून पाहाते. संशोधकानें तिच्याकडून एवढें तरी शिकावें.